खालच्या गाळ्यातली सहकारी बँक: ठेव ठेवण्याआधी काय तपासायचं

ऐरोली असो की कामोठे, घणसोली असो की घोडबंदर रोड, नव्या इमारतीत राहायला गेलं की खालच्या गाळ्यांत मेडिकल, डेअरी आणि इस्त्रीवाल्याच्या शेजारी एखाद्या सहकारी बँकेची शाखा हमखास सापडते. काचेवर ठेवींच्या दरांचा तक्ता, त्यात ज्येष्ठ नागरिकांचा दर ठळक अक्षरांत. मोठ्या बँकेपेक्षा बऱ्याचदा पाऊण-एक टक्का जास्त. आत गेलात तर मॅनेजर बसायला खुर्ची देतात, फॉर्म भरून देतात, चहाही येतो. प्रश्न एवढाच, की इथे पैसे ठेवावेत का आणि ठेवले तर किती.

"सहकारी बँकेच्या वाटेलाच जाऊ नका" असं सांगणारे बरेच भेटतील. मला ते पटत नाही. ठाणे जनता सहकारी म्हणजे आजची टीजेएसबी, कळव्याची पारसिक, डोंबिवली नागरी, कल्याण जनता, या सगळ्या १९७० च्या आसपास इथल्याच माणसांनी उभ्या केल्या. ज्या दुकानदाराला किंवा वर्कशॉपवाल्याला मोठ्या बँकेत कुणी दाराशी उभं करत नव्हतं, त्याला यांनी कर्ज दिलं. (नावं घेतली म्हणजे शिफारस केली असं समजू नका, खालची तपासणी यांनाही तितकीच लागू आहे.) पण याच पट्ट्यात पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, आणि भांडुपच्या पीएमसी बँकेचे खातेदार २०१९ च्या सप्टेंबरात शटरसमोर रांगा लावून उभे होते.

या लेखाचा सूर आधीच सांगून टाकतो. ताळेबंद वाचून कुठली बँक टाळावी हे बऱ्यापैकी कळतं. कुठल्या बँकेवर सगळं सोपवावं हे मात्र कुठल्याच ताळेबंदातून कळत नाही. म्हणून तपासणी आणि रकमेची मर्यादा, दोन्ही लागतात.

पायरी १: ही बँकच आहे ना?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण बरीच माणसं इथेच फसतात. "नागरी सहकारी पतसंस्था", "मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी" आणि "सहकारी बँक" यांच्या पाट्या लांबून सारख्याच दिसतात. आत काउंटर सारखे, पासबुक सारखं, ठेवीची पावतीही तशीच. फरक असा, की बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि तिच्या ठेवींना विमा असतो. पतसंस्था आणि क्रेडिट सोसायटी यांना यातलं काहीही नाही. पतसंस्थेवर सहकार खात्याचं नियंत्रण असतं. रिझर्व्ह बँक तिथे तपासणीला जात नाही आणि संस्था बुडाली तर विम्याचा एक रुपया मिळत नाही. "मल्टिस्टेट" या शब्दाने भुलू नका. एकापेक्षा जास्त राज्यांत काम करते आणि नोंदणी केंद्राकडे आहे, यापलीकडे त्याला अर्थ नाही. काही सोसायट्या नावात "बँक" शब्द लावतात, म्हणून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून लोकांना सावध केलं होतं.

पडताळणीला पाच मिनिटं पुरतात. ठेवींचा विमा उतरवणारं महामंडळ म्हणजे डीआयसीजीसी. ते रिझर्व्ह बँकेच्याच मालकीचं आहे. त्याच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी असते, त्यात पूर्ण नाव शोधा. नुसतं "जनता सहकारी" शोधू नका, त्या नावाच्या बँका गावोगाव आहेत. नाव आणि मुख्य कार्यालयाचा पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत. १ सप्टेंबर २०२४ पासून बँकांनी आपल्या संकेतस्थळावर डीआयसीजीसीचं चिन्ह आणि क्यूआर कोड लावणं बंधनकारक आहे. तो कोड स्कॅन करून पाहा. शिवाय बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता "डॉट बँक डॉट इन" या ठेवणीत गेले आहेत. भलत्याच पत्त्याच्या साइटवर बँकेचं नाव दिसलं तर तिथे काही भरू नका.

यादीत नाव नसेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरजच नाही.

पायरी २: पाच लाखांचं गणित आधी बसवा

ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. त्याआधी १९९३ पासून ती एक लाखावरच अडकलेली होती. पीएमसीच्या वेळी लोकांचे डोळे उघडले तेव्हा ती वाढली. हप्ता बँक भरते, तुमच्याकडून काही घेत नाही.

"पाच लाखांपर्यंत सुरक्षित" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या पोटातल्या अटी कुणी वाचत नाही. पाच लाख हे मुद्दल आणि व्याज मिळून आहेत. तुम्ही बरोबर पाच लाखांची पावती केलीत तर वर चढलेल्या व्याजाला विमा नाही. म्हणून दोन वर्षांची संचयी ठेव साडेसात टक्क्यांनी करायची असेल तर सव्वाचार लाखांच्या आसपास ठेवा. मुदतीअखेर ती चार लाख त्र्याण्णव हजारांच्या घरात जाते, म्हणजे सगळी विम्यात बसते. आणि बचत खात्यात पडलेले चाळीस हजार? तेही याच पाच लाखांत धरले जातात. ठाण्याच्या शाखेत अडीच आणि वाशीच्या शाखेत अडीच लाख अशी विभागणी केली म्हणून वेगळं संरक्षण मिळत नाही. एका बँकेच्या सगळ्या शाखा एकत्र मोजतात.

मात्र "हक्क आणि हुद्दा" वेगळा असेल तर मोजणी वेगळी होते. तुमच्या एकट्याच्या नावावरची खाती एका गठ्ठ्यात. तुम्ही आणि पत्नी यांचं संयुक्त खातं दुसऱ्या गठ्ठ्यात. पत्नीचं नाव पहिलं आणि तुमचं दुसरं, असं संयुक्त खातं असेल तर ते तिसऱ्या गठ्ठ्यात. अज्ञान मुलाचे पालक म्हणून उघडलेलं खातं आणखी वेगळं. पण दुकान तुमच्या एकट्याच्या मालकीचं असेल तर त्याचं चालू खातं तुमच्या वैयक्तिक खात्यांतच मिसळतं. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत छोटा धंदा करणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

याच बँकेचं कर्ज तुमच्यावर असेल तर ते ठेवीतून वळतं करण्याचा बँकेला हक्क आहे. विमा हा ते देणं वजा जाता उरलेल्या रकमेवर लागतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कर्ज घेताना बँक तुम्हाला शेअर्स घ्यायला लावते. ते भाग भांडवल म्हणजे ठेव नव्हे, त्याला विमा नाही. कधीकधी काउंटरवर "दीर्घ मुदतीची ठेव, दर जास्त" म्हणून एलटीडी पुढे केली जाते. तिचं नाव ठेव असलं तरी ती बँकेच्या भांडवलात मोजली जाते आणि बँक बुडाली तर साध्या ठेवीदारांचे पैसे देऊन झाल्यावर तिचा नंबर लागतो. निवृत्तीची रक्कम घेऊन गेलेल्या माणसाने असल्या कागदावर सही करू नये.

पायरी ३: वार्षिक अहवाल मिळवा

सहकारी बँकांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. त्याआधी अहवाल छापला जातो. बँकेच्या संकेतस्थळावर "आर्थिक स्थिती" किंवा "वार्षिक अहवाल" असा दुवा असतो. नसेल तर शाखेत मागा. मॅनेजरने कपाटातून काढून दिला तर उत्तम. "अहवाल फक्त सभासदांसाठी असतो" असं उत्तर मिळालं तर शाखेत लावलेला ताळेबंद दाखवा म्हणावं. तोही दाखवायला कां-कूं होत असेल तर माझ्या लेखी तपासणी तिथेच संपली. शेवटच्या एका वर्षाचा नको, तीन वर्षांचे अहवाल घ्या.

अहवाल हातात आला की सुरुवातीची पानं उलटून टाका. संचालकांचे फोटो, श्रद्धांजलीची यादी, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार, अध्यक्षांचं मनोगत. मनोगतात "एकूण व्यवसायाने ७०० कोटींचा टप्पा ओलांडला" असं वाक्य असतं आणि तेच स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सवरही झळकतं. एकूण व्यवसाय म्हणजे ठेवी अधिक कर्जं. म्हणजे लोकांकडून घेतलेले पैसे आणि त्यातूनच लोकांना दिलेले पैसे, या दोन्हींची बेरीज. तिने बँकेचा आकार कळतो, तब्येत कळत नाही. लाभांशाच्या टक्क्याचंही तेच.

आपल्याला हवा आहे तो ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकांचा अहवाल आणि त्यापुढच्या बारीक टाइपातल्या टिपा.

पायरी ४: चार आकडे, एका उदाहरणाने

समजा एका बँकेच्या ठेवी ४०० कोटी, कर्जं २६० कोटी. त्यातली २६ कोटींची कर्जं थकलेली, यांना बँकेच्या भाषेत एनपीए म्हणतात. म्हणजे ढोबळ एनपीए १० टक्के. या थकलेल्या कर्जांपोटी बँकेने आजवरच्या नफ्यातून १६ कोटी बाजूला काढून ठेवले आहेत. याला तरतूद म्हणतात. उरले १० कोटी, ज्यांच्यापोटी काहीच बाजूला काढलेलं नाही. २६० मधून १६ वजा करून २४४ कोटींशी त्या १० कोटींचं प्रमाण काढलं की ४.१ टक्के येतात. हे निव्वळ एनपीए. बँकेचं स्वतःचं भांडवल आणि राखीव निधी मिळून स्वनिधी ३८ कोटी धरू.

आता वाचू या. निव्वळ एनपीए तीन टक्क्यांच्या आत असावं, हा २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुदृढ नागरी बँकेसाठी ठरवलेल्या निकषांतला एक निकष. सहा टक्के झालं की बँक सुधारात्मक कारवाईच्या चौकटीत, म्हणजे पीसीएत, जाऊ शकते. नऊ आणि बारा टक्के या त्यापुढच्या, जास्त कडक पायऱ्या. ही चौकट १ एप्रिल २०२५ पासून शंभर कोटींहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना लागू आहे. आपली बँक तीन आणि सहाच्या मध्ये आहे. घाबरायचं नाही, पण निर्धास्तही व्हायचं नाही.

मी स्वतः त्याहून एका साध्या भागाकाराला जास्त महत्त्व देतो. तरतूद नसलेले १० कोटी आणि स्वनिधी ३८ कोटी. हे १० कोटी उद्या पूर्ण बुडाले तर बँकेच्या गंगाजळीचा एक चतुर्थांश गेला. हे प्रमाण निम्म्याच्या वर दिसलं, तर दर कितीही गोड असो, मी त्या बँकेत ठेव ठेवणार नाही.

तिसरा आकडा भांडवल पर्याप्ततेचा, सीआरएआर. बँकेने जोखमीचे जे व्यवहार केले आहेत त्यांच्या तुलनेत तिचं स्वतःचं भांडवल किती, ते यातून कळतं. शंभर कोटींपर्यंत ठेवी असलेल्या छोट्या बँकांना किमान नऊ टक्के लागतं. त्याहून मोठ्यांना ३१ मार्च २०२६ पर्यंत बारा टक्के गाठायची मुदत देण्यात आली. किमान मर्यादेला टेकलेला आकडा म्हणजे काठावर पास. दोन-तीन टक्के मोकळे असले पाहिजेत.

चौथा, सी. डी. रेशो, म्हणजे ठेवींतला किती हिस्सा कर्जात गेला. आपल्या उदाहरणात ६५ टक्के, ठीक आहे. ऐंशीच्या वर असेल तर अडीअडचणीला हात मोकळा नाही. पंचेचाळीस असेल तर उलटी शंका घ्या. कर्ज देण्याजोगा गिऱ्हाईकच बँकेकडे नाही, मग तुम्हाला जास्त व्याज ती कशातून देणार?

आता तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा, कारण खरी मौज इथे आहे. पुढच्या वर्षी या बँकेची कर्जं २६० वरून ३४० कोटी झाली आणि थकीत २६ वरून २७ कोटी. ढोबळ एनपीए किती? ७.९ टक्के. मनोगतात छापून येतं, "एनपीएमध्ये लक्षणीय घट." प्रत्यक्षात थकबाकी एक कोटीने वाढली, घटली ती फक्त टक्केवारी, कारण भागाकारातली खालची संख्या फुगली. नवं कर्ज पहिल्या वर्षी सहसा थकत नाही, ते थकायला दोन-तीन वर्षं जावी लागतात. म्हणून एका वर्षात कर्जं तीस टक्क्यांनी वाढलेली दिसली की टक्केवारी सोडा आणि कोटींत किती थकलंय ते बघा.

पायरी ५: नफा आला कुठून?

नफा आहे म्हणजे बँक चांगली, हा समज खोलवर रुजलेला आहे. नफा-तोटा पत्रकात तरतुदींच्या आधीचा नफा आणि नंतरचा नफा वेगळे काढून पाहा. गेल्या वर्षी आधीचा नफा पाच कोटी, तरतूद साडेतीन, राहिले दीड. यंदा आधीचा नफा साडेचार, तरतूद दीड, राहिले तीन. जाहिरातीत "नफा दुप्पट!" धंदा मात्र घटलेला आहे. थकबाकी खरोखर वसूल झाल्यामुळे तरतूद कमी लागली असेल तर चांगलंच. ती तशीच असताना तरतूद आटली असेल तर हा कागदावरचा नफा. इमारत किंवा सरकारी रोखे विकून एकदाच आलेली कमाईही याच पानावर दिसते.

लागोपाठ दोन वर्षं तोटा हे पीसीएचं एक कारण आहे. आपल्यासाठी एक वर्षाचा तोटासुद्धा थांबून विचारायला पुरेसा.

पायरी ६: बारीक टाइप

"हिशेबावरील टिपा" या भागात बँकांना काही गोष्टी उघड कराव्याच लागतात. बहुतेक जण तिथे पोहोचेपर्यंत कंटाळतात. तुम्ही मात्र सुरुवात तिथूनच केलीत तरी चालेल.

पहिले वीस कर्जदार मिळून एकूण कर्जाच्या किती टक्के, हा आकडा शोधा. नागरी सहकारी बँक म्हणजे अनेकांना थोडं थोडं. एका कर्जदाराला बँकेच्या मूळ भांडवलाच्या (टिअर वन) १५ टक्क्यांहून आणि एका समूहाला २५ टक्क्यांहून जास्त देता येत नाही. वीस जणांकडेच चाळीस टक्के कर्ज असेल तर त्यातले दोन बिल्डर अडकले की बँक अडकते, आणि आपल्याकडे बिल्डर अडकणं ही काही दुर्मीळ घटना नाही. म्हणून बांधकाम क्षेत्राला दिलेलं कर्जही वेगळं पाहून घ्या. पहिल्या वीस ठेवीदारांचा वाटाही तिथेच असतो. तो मोठा असेल तर एखादी संस्था पैसे काढून घेते म्हटल्यावर बँकेची धावपळ उडते.

संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं. स्वतःच्या ठेवीवर किंवा विमा पॉलिसीवर घेतलेलं कर्ज असे किरकोळ अपवाद सोडले तर याला बंदीच आहे. त्या ओळीत मोठी रक्कम दिसली तर उठून निघा.

डीआयसीजीसीचा हप्ता वेळेवर भरला का, रिझर्व्ह बँकेने दंड केला का, याही ओळी असतात. काही अहवालांत रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत सापडलेलं एनपीए आणि बँकेने दाखवलेलं एनपीए यांतला फरक दिलेला असतो. फरक मोठा म्हणजे बँक थकबाकी झाकत होती, दुसरा अर्थ नाही.

लेखापरीक्षकांचा अहवाल तीन-चार पानांचा असतो आणि बहुतेक मजकूर ठरावीक. तुम्ही फक्त "च्या अधीन राहून" हे शब्द शोधा. त्यापुढे जे लिहिलंय ते नीट वाचा. ऑडिट वर्ग "अ" मिळाल्याचं मुखपृष्ठावर लिहिलेलं असलं, तरी त्याचं काय वजन असतं ते पुढे येतंय.

पायरी ७: रिझर्व्ह बँकेची पत्रकं, आणि कोणती किती गंभीर

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्धिपत्रकांत बँकेचं नाव टाकून शोधा. काहीतरी सापडलं म्हणून लगेच हबकू नका.

दंडाची पत्रकं सर्रास निघतात, मोठमोठ्या खासगी बँकांवरही. कारण वाचा. केवायसीची फेरतपासणी वेळेत केली नाही म्हणून एक-दोन लाख दंड, ही शिस्तीची कसूर. संचालकांच्या नातेवाइकाला कर्ज दिलं किंवा थकीत कर्ज थकीत दाखवलं नाही म्हणून दंड, हा मात्र चारित्र्याचा प्रश्न.

संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमणं याहून गंभीर, पण तेव्हाही तुमचे पैसे अडकतातच असं नाही. अभ्युदय बँकेचं मंडळ २४ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने बाजूला केलं, पण व्यवहारांवर कसलेही निर्बंध घातले नाहीत. ठेवी काढता येत होत्या, शाखा सुरू होत्या.

खरी घंटा वाजते ती "सर्वसमावेशक निर्देश" या शब्दांनी. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली ते निघतात. नवी कर्जं बंद, नव्या ठेवी बंद, आणि पैसे काढायला मर्यादा. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसीत ही मर्यादा सुरुवातीला माणशी एक हजार रुपये होती. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. दोन आठवड्यांनी पंचवीस हजारांची मुभा मिळाली. परवाना रद्द होणं ही शेवटची पायरी.

पीएमसीचा अहवाल वाचला असता तर?

वरच्या सगळ्या पायऱ्या पीएमसीला लावून पाहू. मार्च २०१९ अखेरच्या तिच्या आकड्यांत ढोबळ एनपीए ३.७६ टक्के, निव्वळ २.१९ टक्के, सीआरएआर १२.६२ टक्के होता. नफाही होता. आपल्या चाळणीतून ती सहज पार झाली असती. सहा महिन्यांत उघड झालं, की बँकेच्या कर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के एचडीआयएल या एकट्या बिल्डर समूहाकडे गेली होती आणि ती झाकायला एकवीस हजारांहून जास्त बनावट खाती तयार केली होती. अहवालातला प्रत्येक आकडा त्या बनावट खात्यांवर उभा होता. न्यू इंडियात तर तिजोरीतली १२२ कोटींची रोकडच जागेवर नव्हती, ती फक्त हिशेबात होती.

म्हणजे ऑडिट वर्ग, टक्केवारी, तक्ते हे सगळं प्रामाणिक बँकेची तब्येत सांगतं. लबाड बँकेबद्दल काहीच सांगत नाही. लबाडीवर उपाय म्हणून ठेवीदाराच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रक्कम. पीएमसी २५ जानेवारी २०२२ ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीदारांची सुटका झाली. त्यावरच्या रकमेला दहा वर्षांपर्यंतचे टप्पे लागले. न्यू इंडिया ४ ऑगस्ट २०२५ ला सारस्वत बँकेत गेली, ठेवीदार वाचले. विलीनीकरणाला कुणी पुढे येईलच, हे गृहीत धरून मात्र चालू नका.

पायरी ८: विभागणी, आणि सोसायटीचे पैसे

घरातल्या पैशांचं वाटप सोपं आहे. पगाराचं खातं आणि गृहकर्जाचा हप्ता मोठ्या बँकेत. सहकारी बँकेत प्रत्येक हक्कामागे व्याजासकट पाच लाखांच्या आत, आणि तेही असे पैसे की जे सहा महिने मिळाले नाहीत तरी शाळेची फी अडणार नाही. विम्यातून पैसे मिळतात, पण दुसऱ्या दिवशी मिळत नाहीत.

अवघड प्रश्न गृहनिर्माण संस्थेचा. ठाण्या-नवी मुंबईतल्या दीड-दोनशे सदनिकांच्या सोसायटीकडे सिंकिंग फंड, मोठ्या दुरुस्तीचा निधी, पार्किंगचे पैसे मिळून सहज साठ-सत्तर लाख असतात. विम्याच्या हिशेबात संपूर्ण सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार. दोनशे कुटुंबांचे साठ लाख, संरक्षण पाच लाखांना. पीएमसीत अशा कित्येक सोसायट्या अडकल्या. रंगकाम, लिफ्ट, पाण्याची टाकी, सगळं ठप्प. तरीही खजिनदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "पहिल्यापासून इथेच आहे, मॅनेजर आपला माणूस आहे." मॅनेजर आपलाच असतो, पण कर्जं तो मंजूर करत नाही.

तुम्ही सोसायटीत नवे असाल तर समितीशी भांडू नका. पुढच्या सर्वसाधारण सभेत एवढंच विचारा, की संस्थेच्या ठेवी कोणत्या बँकांत, किती रकमेच्या आणि कोणत्या मुदतीच्या आहेत. यादी इतिवृत्ताला जोडा. यादी छापून आली की चर्चा आपोआप सुरू होते. संस्थेने पैसे कुठे गुंतवावेत याचे कायद्यात आणि उपविधीत नियम आहेत, तेव्हा बदल करण्याआधी संस्थेच्या लेखापरीक्षकाला विचारा. ठेवींच्या मुदती एकाच महिन्यात येऊ देऊ नका. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने आल्या की दर वेळी बँक पुन्हा पारखता येते.

निर्देश आलेच तर

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की आधी रिझर्व्ह बँकेचं मूळ पत्रक उघडून बँकेचं पूर्ण नाव जुळवा. "जनता सहकारी"सारख्या नावाच्या दुसऱ्याच बँकेच्या बातमीने लोक भलत्या शाखेत धावतात. बातमी खरी असेल तर त्या खात्यातून कापले जाणारे हप्ते, एसआयपी, वीजबिल त्याच दिवशी दुसऱ्या खात्यावर वळवा, नाहीतर बाउन्सचे भुर्दंड वेगळे बसतील. तुमचं त्या बँकेचं कर्ज असेल तर हप्ता थांबवू नका. बँक अडचणीत आली म्हणून तुमचं देणं माफ होत नाही आणि सिबिल मात्र बिघडतं.

१ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, निर्देशांखालच्या बँकेतल्या विमाधारक ठेवीदारांना नव्वद दिवसांच्या आत पैसे देण्याची तरतूद आहे. त्यातले पहिले पंचेचाळीस दिवस बँकेने याद्या तयार करून पाठवायचे. या काळात तुम्ही शाखेत जाऊन संमतीपत्र, केवायसी आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यायचा असतो. पोच घ्या. फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका, दावा बँकेमार्फतच जातो.

पासबुकावर "सुनंदा", आधारवर "सुनंदाबाई" आणि पॅनवर माहेरचं आडनाव, अशी तीन नावं असतील तर अडचण तेव्हा येते. हे दुरुस्त करायला निर्देशांची वाट बघू नका, शाखा व्यवस्थित चालू असतानाच करून घ्या. त्याच फेरीत वारसदाराचं नाव तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. ठेवीच्या पावतीवर नामनिर्देशनाची नोंद छापून घ्या आणि पावतीचा फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्येही ठेवा.